दापोडीची बाग, कागदावरची

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल खडकी सोडते, मुळेवरचा पूल ओलांडते आणि दापोडीला थांबते. उतरणारी बहुतेक माणसं कामावर निघालेली असतात. कुणी एसटीच्या कार्यशाळेत, कुणी पुढे भोसरीकडे. स्टेशनाबाहेर वडापावच्या गाड्या, रिक्षा, मोबाईलची दुकानं. याच गावात १८२८ पासून पुढे तीन-साडेतीन दशकं मुंबई सरकारची वनस्पती-बाग होती. समुद्रापलीकडून आलेलं बी इथल्या वाफ्यांत रुजायचं आणि तयार झालेली रोपं इलाख्यात दूरवर जायची. मी गावात विचारत फिरले. साहेबाचा कसला तरी बंगला होता एवढं एका आजोबांनी ऐकलेलं होतं. बागेचं नाव काढल्यावर ते म्हणाले, “बाग? इथं? नाही हो ताई, बाग तिकडं सारसबागेत.”

किल्ला पडला तरी जोतं राहतं, देऊळ मोडलं तरी एखादा वीरगळ गवतात पडून असतो. बागेला दोन उन्हाळे पाणी चुकलं की वाफा आणि वाट यांतला फरक उरत नाही. म्हणून बागेचा इतिहास शोधायचा तर दप्तरखान्यात जावं लागतं. मी तशी निघाले, आणि त्या वाटेने पुण्यातून मुंबईला, तिथून पार एडिंबरापर्यंत आणि शेवटी पणजीला पोचले. मला लाटसाहेबांच्या मेजवान्यांत रस नव्हता. कुणी खणलं, कुणी शिंपलं, कुणी कलम बांधलं, कुणी फूल समोर ठेवून त्याचं चित्र काढलं, ती माणसं मला हवी होती.

दापोडीपुरती हकिकत अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी कवायती पलटण उभी करणारा फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी इथे बंगला बांधून राहत होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई जुंपली तेव्हा ही पलटण पेशव्यांचा पगार खात असूनही इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याने गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी ती जागा सरकारात घेतली आणि तिथेच वनस्पती-बाग सुरू केली. विल्यमसन, मग चार्ल्स लश, मग १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन असे तीन अधीक्षक तिला लाभले. तिघेही डॉक्टर होते, आणि त्यात नवल नाही. त्या काळची औषधं झाडापासूनच व्हायची आणि लष्कराच्या इस्पितळांना ती सतत लागायची. दापोडीच्या जोडीला जुन्नर भागात हिवऱ्यालाही अशीच बाग होती. तिथला भर औषधी वनस्पतींवर होता. १८६० च्या दशकात गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीतल्या नव्या वाड्यात गेला. तोच वाडा आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. दापोडी सुटली. १८७३ मध्ये गणेशखिंडीत वेगळी वनस्पती-बाग उभी राहिली. ती कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आजही आहे आणि तिथल्या जुन्या आंब्यांखाली भर मे महिन्यात थंड वाटतं.

इंग्रजांच्या आधी पुण्यात बागा नव्हत्या असं नाही. त्या शोधायला मी पेशवे दफ्तरात गेले. बंडगार्डन रस्त्यावरच्या १८९१ सालच्या त्या दगडी इमारतीत कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडताना येणारा वास आता माझ्या ओळखीचा झाला आहे: जुना कागद, कापड आणि डांबरगोळी. पण बागेचा शोध घेणाऱ्याची इथे कसोटी लागते. ‘बाग’ असा विषय काढून कागद लावलेले नाहीत. बाग सापडते ती खर्चाच्या यादीत, देवस्थानाच्या नेमणुकीत, इनामाच्या चतुःसीमेत, पाण्याच्या तंट्यात. मोट ओढणाऱ्या बैलांचं वैरण, पाटाची दुरुस्ती, खताच्या गाड्या, देवाला रोज लागणारी फुलं. दप्तर पैशाची नोंद ठेवतं, आणि त्या नोंदीच्या कडेने बाग डोकावते. मोडी वाचताना एखाद्या ओळीत ‘माळी’ ही अक्षरं लागली की मी तिथेच थांबते आणि पुढचे शब्द पुन्हा पुन्हा वाचते. गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, त्याआधी गणेश चिमणाजी वाडांनी रोजनिशीचे उतारे काढले. त्या दोघांच्या कष्टांशिवाय माझ्यासारखीला या दप्तराच्या दारातही उभं राहता आलं नसतं. तरी सांगायलाच हवं की त्यांची निवड राजकारणासाठी, फार तर समाजकारणासाठी होती. बागाईत म्हणून कागद वेचून काढणारं कुणी अजून यायचं आहे.

पेशव्यांच्या बागा समजून घ्यायच्या तर आधी पाणी समजून घ्यावं लागतं. नानासाहेबांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणलं. त्या नळावरचे उच्छ्वास पुण्यात काही ठिकाणी अजून दिसतात. हे पाणी वाड्यांच्या हौदांत पडायचं, कारंज्यांत उडायचं, बागांना मिळायचं. आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं आणि तळ्यात मध्ये बेट राखलं. त्या बेटावरची बाग ती मूळची सारसबाग. तळ्याच्या काठाला हिराबाग. दापोडीचे आजोबा बोलताना ज्या सारसबागेकडे बोट दाखवत होते ती आता सगळी कोरड्या जमिनीवर आहे आणि तळं विसाव्या शतकात गेलं.

या बागांत काय होतं याची कल्पना करताना मी आधी काय नव्हतं ते काढून टाकते. गुलमोहर नव्हता. तो मादागास्करचा, आणि युरोपातल्या वनस्पतिशास्त्रात त्याचं वर्णन १८२९ साली छापलं गेलं. १८१७ ला पुणं सोडून गेलेल्या बाजीरावाने वैशाखातलं लालभडक पुणं पाहिलेलं नाही. याउलट झेंडू होता, आणि तो मेक्सिकोकडचा. पेरू, सीताफळ, पपई, अननस, देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, हे सगळे अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आलेले. दसऱ्याचं तोरण झेंडूशिवाय आपल्याला सुचत नाही, पण तीन-चार पिढ्यांत एखादं परकं फूल देवाच्या पायाशी पोचतं ते माळ्याच्या हातून पोचतं. बी राखून ठेवणारा, शेजारच्या गावाला मूठभर देणारा, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावणारा तो माळी. त्याने काही लिहून ठेवलेलं नाही.

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढून आत गेलं की फोर्टचा गोंगाट मागे राहतो. तिथे मला जॉन ग्रॅहमचा मुंबई व आसपासच्या वनस्पतींचा कॅटलॉग वाचायचा होता. हे १८३९ चं छोटेखानी पुस्तक दिसायला रूक्ष आहे: नाव, कुळ, सापडण्याची जागा, एखाद-दुसरं वाक्य. ग्रॅहम टपाल खात्यातला अधिकारी, वनस्पती हा त्याचा छंद. पुस्तक छापून पुरं व्हायच्या आत तो खंडाळ्याला वारला, तिशीतच होता. राहिलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पुरं केलं. मला या पुस्तकाचं मोल वाटतं ते असं, की ग्रॅहम रानातल्या झाडांबरोबर बागांतली झाडंही मांडतो. कोणतं झाड मुंबईच्या बागांत आहे, कोणतं दख्खनकडे दापोडीत, हे त्यात पदोपदी येतं. महाबळेश्वरच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारी आपली चवर याच पुस्तकात पहिल्यांदा शास्त्रीय नावाने नोंदली गेली. पठारावरच्या लोकांना ती अर्थातच केव्हापासून ठाऊक होती, तिच्या कंदाचं सत्त्वही काढलं जायचं. पुस्तक मिटलं तरी माझ्या डोक्यात हेच फिरत राहिलं की चवरीचा कंद उकरून ग्रॅहमच्या हातात पहिल्यांदा ठेवला कुणी?

त्याच काळात मुंबईत पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेची शिवडीला बाग होती. १८६५ मध्ये ती जागा दफनभूमीला गेली. त्याआधीच, १८६२ मध्ये, भायखळ्याची राणीची बाग सुरू झाली होती आणि शिवडीचा वारसा तिच्याकडे गेला. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांच्या पिढीच्या खटपटीची ती निशाणी. आपण तिथे पेंग्विन बघायला जातो, मुलं हत्तीचा पुतळा बघतात, पण एकदा मान वर करून नुसती झाडं बघत फिरावं. दीडशे वर्षांच्या देवाणघेवाणीचा हिशेब तिथे उभा आहे, आणि त्याला छत नाही, तिकिटाची वेगळी खिडकी नाही, सूचीही पुरेशी नाही. ती झाडं वाचवायला मुंबईच्या नागरिकांनी गेल्या काही वर्षांत जो लढा दिला त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

देवाणघेवाण म्हटलं तर एका पेटीचा उल्लेख करायला हवा. समुद्रावरच्या खाऱ्या फवाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने जहाजावरची रोपं वाटेतच मरायची. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास असं दिसलं की बंद काचेत ओल आतल्या आत फिरत राहते आणि रोप जगतं. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपं ऑस्ट्रेलियापर्यंत सुखरूप पोचली. पुढे सगळ्या वसाहतींच्या बागा या पेट्यांनी एकमेकींशी जोडल्या गेल्या. दापोडीची भरभराट याच वर्षांतली आहे. चहा, सिंकोना, रबर यांची ने-आण करून साम्राज्याने पैसा केला तोही याच पेट्यांतून. बागेचा इतिहास नुसता रम्य समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

दापोडीत काढलेली चित्रं पाहायला मी एडिंबराला गेले आणि भाचीकडे उतरले. ती तिथे शिकते. शहराच्या मध्यातून डंडस स्ट्रीटच्या उताराने खाली चालत गेलं की समोर समुद्राची खाडी आणि पलीकडच्या फाइफच्या टेकड्या दिसतात. कॅननमिल्सचा पूल ओलांडला की डाव्या हाताला इन्व्हर्लीथची वनस्पती-बाग लागते. १६७० मध्ये रॉबर्ट सिबाल्ड आणि अँड्र्यू बाल्फर या दोन डॉक्टरांनी होलिरूड राजवाड्याजवळ औषधी झाडांचा एक लहानसा चौकोन लावला, तिथून तिची सुरुवात. नंतर ती जिथे गेली तिथे आता वेव्हर्ली रेल्वे स्थानक आहे; फलाटावर उतरणाऱ्यांच्या पायाखाली शहराची जुनी बाग आहे. पुढे १७६३ मध्ये लीथ वॉकला आणि १८२० च्या दशकात इन्व्हर्लीथला. या शेवटच्या स्थलांतरात मुख्य माळी विल्यम मॅकनॅब याने मोठी वाढलेली झाडं मुळांसकट गाड्यांवर घालून आणली आणि जगवली. ज्याने कधी कमरेएवढं झाड एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात हलवलंय त्यालाच यातली जोखीम कळेल.

बागेच्या एका टोकाला दुमजली साधं घर आहे. ते मूळचं लीथ वॉकच्या बागेतलं; तिथे अठराव्या शतकात जॉन होप हा प्राध्यापक होता. खाली माळ्याचं बिऱ्हाड आणि वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांचा वर्ग असं ते घर होतं. पाडलं जायची वेळ आली तेव्हा लोकांनी ते उतरवून घेतलं आणि इन्व्हर्लीथला पुन्हा उभं केलं. २०१६ मध्ये ते खुलं झालं. होपचा मुख्य माळी जॉन विल्यमसन वारल्यावर होपने त्याच्या स्मरणार्थ पाटी बसवली होती. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतर ती पाटी मी वाचली. प्राध्यापकाने माळ्यासाठी कोरवलेली पाटी! आपल्याकडे विद्यापीठांच्या बागांत फिरताना मी कोनशिला बघते, उद्घाटकांची नावं बघते. माळ्याचं नाव कोरलेली शिला माझ्या पाहण्यात नाही.

याच होपच्या वर्गातून कितीतरी डॉक्टर कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. पुढे कलकत्त्याच्या बागेचा अधीक्षक झालेला विल्यम रॉक्सबर्ग हा त्यांतला एक. ही परंपरा पुढेही चालू राहिली. अलेक्झांडर गिब्सन १८०० साली स्कॉटलंडमधल्या लॉरेन्सकर्कला जन्मला, एडिंबराला शिकला, १८२५ मध्ये कंपनीच्या सेवेत आला. हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराती शिकला. दख्खन आणि खानदेशात देवी टोचत फिरला आणि मग दापोडीला आला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. कोकणातले डोंगर उघडे पडले की झरे लवकर आटतात आणि खाड्या गाळाने भरतात हे तो सरकारला कळवत राहिला. त्याच्या खात्याने पुढे गावकऱ्यांच्या वहिवाटीवर किती बंधनं आणली हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण डोंगर आणि झरा यांचं नातं त्याने पाहिलं होतं हे नाकारता येत नाही. डॅल्झेल या सहलेखकाबरोबर त्याने लिहिलेल्या १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’ला बागांत लावलेल्या आणि बाहेरून आलेल्या झाडांची स्वतंत्र पुरवणी आहे. बागांच्या इतिहासासाठी मी आधी ती पुरवणीच उघडते.

इन्व्हर्लीथच्या ग्रंथालयात आधी वेळ घेऊन जावं लागतं. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. पुस्तक उघडून ठेवायला मऊ स्पंजाचे उतार, पान दाबायला शिसं भरलेल्या कापडी माळा. इथे दापोडीची चित्रं आहेत. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने करवून घेतलेली, सुमारे १७०. कागदावर जलरंग. हेन्री नोल्टी या तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या संग्रहाचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक काढलं. त्याच्यामुळेच दापोडी हे नाव जगातल्या अभ्यासकांना पुन्हा कळलं.

पहिलं चित्र समोर आलं आणि मी बराच वेळ त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. रंग ताजे आहेत. हिरव्याच्या किती छटा, कोवळ्या पानाची वेगळी, जून पानाची वेगळी, आणि ऊन खाल्लेल्या कडेची पिवळट झाक निराळी. ओळखीचं देशी झाड आणि लांबून आणलेलं परकं झाड दोघांना सारखीच जागा, सारखाच मान. चित्र पाहताना मला सारखं जाणवत होतं की हे फूल आपल्या मुळेच्या काठी उमललेलं होतं. सकाळी कुणी तरी ते खुडून आणलं, पाण्यात ठेवलं, आणि दख्खनच्या कोरड्या हवेत ते मान टाकायच्या आत कुणी तरी त्याचा रंग पकडला. आज दापोडीत त्या बागेचा एकही वाफा दाखवता येत नाही, पण तिथल्या विशिष्ट रोपांची विशिष्ट फुलं इथे समुद्रापार जशीच्या तशी आहेत.

भाची शेजारी बसली होती. तिने हळूच विचारलं, “मावशी, काढली कुणी?”

चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता. एवढंच. मोहोरा गोव्याकडे वळवणारं एवढंच विशेषण कागदावर उरलं, नाव उरलं नाही. ज्याने करवून घेतली त्याचा जन्म, शिक्षण, बढत्या, मृत्यू, सगळं हाताशी आहे. ज्याने काढली त्याचं वय, गाव, तो कुणाकडे शिकला, एका चित्राचे त्याला किती मिळायचे, घरी कुणी होतं का, यांतलं काही नाही. याच ग्रंथालयात रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी मद्रास इलाख्यात काढलेली शेकडो चित्रं आहेत. ती रंगय्या आणि गोविंदू या दोघांची, आणि ती त्यांच्या नावानिशी ओळखली जातात. वाइटने तर ऑर्किडच्या एका वंशाला गोविंदूवरून नाव दिलं. म्हणजे त्या काळात चित्रकाराचं नाव लिहिण्याची पद्धतच नव्हती असं म्हणून सुटता येत नाही. लिहायचं ठरवलं तर लिहिलं जात होतं. दापोडीत ते लिहिलं गेलं नाही याचं मला दुःख झालं, आणि रागही आला. गिब्सनबद्दलचा माझा आदर त्या दुपारी थोडा उणावला, तो अजून भरून आलेला नाही.

उरलेली चित्रं आम्ही दोघींनी न बोलता पाहिली. काही फुलांची मराठी नावं मी तिला सांगत गेले. ती परदेशात वाढलेली नाही, पण शहरात वाढलेली आहे. रानातली नावं तिला नवी होती. तिने ती मोबाईलमध्ये टिपून घेतली.

परतल्यावर पहिल्या सवडीला मी पणजी गाठली. चित्रकार सापडेल या आशेने नव्हे. पोर्तुगीज-हिंदी जगात झाडांबद्दल लिहिण्याची आणि चितारण्याची जी जुनी वाट होती तिची सुरुवात पाहावी म्हणून. महानगरपालिकेच्या चौकातल्या बागेला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे. संध्याकाळी तिथे बाकांवर म्हातारी माणसं बसतात, पोरं धावतात. पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मी त्याच्या पुस्तकाची आवृत्ती आणि क्लेमंट्स मार्कमचं १९१३ चं इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी ठेवून बसले.

ऑर्ता हा ज्यू कुळातला पोर्तुगीज वैद्य. १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं वैद्य म्हणून येणं-जाणं होतं. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं आणि तिथे त्याची बाग होती. वर्षातून दोनदा फळणाऱ्या तिथल्या एका आंब्याचा तो कौतुकाने उल्लेख करतो. औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवाद १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, हे १५८० मध्ये. हे सगळं मला माहीत होतं. पुस्तक सलग वाचताना मात्र माझं लक्ष वेधून घेतलं ते अंतोनियाने. संवाद चालू असताना ऑर्ता मध्येच हाक मारतो आणि ही त्याच्या घरची दासी झाडपाला, फळं घेऊन येते, विचारलेलं सांगते. आशियातल्या वनस्पतींवर युरोपीय माणसाने इथे राहून लिहिलेल्या या पहिल्या मोठ्या पुस्तकात बागेतून पान तोडून आणणाऱ्या बाईला नाव आहे. ती स्वतंत्र नव्हती, तिच्या वाट्याला पुस्तकात मोजकीच वाक्यं येतात, आणि तिचं पुढे काय झालं ते ऑर्ता सांगत नाही. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात येतो आणि ऑर्ता त्याच्या मताला किंमत देतो.

दुसरं पुस्तक ‘हॉर्तुस मलाबारिकुस’. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने करवून घेतलेले १२ खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. पहिल्या खंडात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन याची साक्ष त्याच्या लिपीत आहे, आणि तिच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचं निवेदन आहे, कोंकणीत आणि नागरी लिपीत. मूळ गोव्याच्या घराण्यांतले हे तिघे सारस्वत कोचीनला स्थायिक झालेले होते. सकाळ-संध्याकाळ बसून, निघंटू धुंडाळून त्यांनी हे काम केल्याचं ते सांगतात. तारीख आहे एप्रिल १६७५. आपली लिपी युरोपात छापून निघाल्याचा हा फार जुना नमुना आहे, आणि तो राजकारणासाठी नाही, धर्मासाठी नाही, झाडांच्या नावांसाठी आहे. मी त्या पानाची प्रत काढून घेतली. अक्षरं वळणदार नाहीत, कोरणाऱ्याला लिपी येत नसावी हे उघड दिसतं; तरी तिन्ही नावं स्वच्छ वाचता येतात.

म्हणजे १५६३ मध्ये अंतोनियाचं नाव छापता आलं, १६७८ मध्ये तीन वैद्यांची नावं त्यांच्या लिपीत आली, आणि १८५० मध्ये, वनस्पतिशास्त्र कितीतरी पुढे गेलेलं असताना, दापोडीचा चित्रकार निनावी राहिला. काळ पुढे सरकला म्हणून नोंद अधिक न्याय्य होत गेली, असं या कागदांवरून मला म्हणता येत नाही. सरकारी बाग जसजशी मोठी झाली तसतसे तिचे अहवाल तक्त्यांत जाऊ लागले. तक्त्यात माळी हा आकडा असतो.

तरी आकड्यामागे पगारपत्रक असतं, आणि पगारपत्रकाला सही किंवा निशाणी लागते. दापोडीची बाग सरकारी होती. चित्रकाराला कुणी तरी, कुठल्या तरी खात्यातून, महिन्याच्या महिन्याला पैसे दिले असणार. मुंबई सरकारचे त्या काळचे कागद काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात आहेत. १८४७ ते १८५० या वर्षांचे महसूल खात्याचे खंड मी तिथे ओळीने मागवायला सुरुवात केली आहे. कागद ठिसूळ झालेत, काही खंड दुरुस्तीला गेलेत, आणि वाचन फार सावकाश होतं. पोर्तुगीज येणारं, जुनी इंग्रजी अक्षरं लागणारं आणि मोडी वाचणारं कुणी सोबतीला मिळालं तर हे काम लवकर होईल. पुण्यात आणि गोव्यात अशी तरुण मुलं आहेत; त्यांच्यापैकी काहींना मी पत्रं लिहिली आहेत.